ऑपरेशनशिवाय जमेल का?

"डॉक्टर, ऑपरेशनशिवाय काही नाही का होणार? हल्ली वाफेनं करतात म्हणे." साठी ओलांडलेल्या पुरुषांकडून युरॉलॉजिस्टना हा प्रश्न सतत ऐकावा लागतो. सोबत आलेली पत्नी किंवा मुलगा त्यात भर घालतो: "यांना शुगर आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. भूल सोसेल का?"

प्रश्न रास्त आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाढलेल्या प्रोस्टेटवर असे काही उपाय आले आहेत की ज्यांत ग्रंथी कापून काढावी लागत नाही, बऱ्याचदा पूर्ण भूल लागत नाही आणि माणूस संध्याकाळी घरी जातो. मात्र यातला एकही उपाय फुकट मिळत नाही, आणि इथे मी पैशांबद्दल बोलत नाही. प्रत्येक उपाय काही देतो आणि त्याबदल्यात काही मागतो. हा व्यवहार कळल्याशिवाय होकार देऊ नये. तो कळायला आधी मुळात बिघडतं काय ते पाहू.

१. नळीभोवतीची ग्रंथी

प्रोस्टेट ही फक्त पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी असते, वजन साधारण २० ग्रॅम. वीर्यातला काही द्रव बनवणं हे तिचं काम. काम साधं, पण तिची जागा मोठी अडचणीची आहे. मूत्राशयाच्या अगदी तोंडाशी ती बसलेली असते आणि मूत्रमार्ग, म्हणजे लघवीची नळी, तिच्या मधून आरपार जाते.

एक संत्रं घ्या. फोडी जिथे जुळतात त्या मधल्या पोकळीतून एक स्ट्रॉ आरपार घाला. ही स्ट्रॉ म्हणजे मूत्रमार्ग. वय वाढतं तसा स्ट्रॉला लागून असलेला गर वाढू लागतो. बाहेरची साल चिवट असते, ती फारशी ताणत नाही. मग गर आतल्या बाजूला सरकतो आणि स्ट्रॉ चेपतो. वैद्यकीय भाषेत याला सौम्य प्रोस्टेटवाढ म्हणतात. 'सौम्य' म्हणजे त्रास कमी असा अर्थ नाही. ही वाढ कर्करोगाची नाही, एवढंच त्यातून सांगायचं असतं. प्रोस्टेटचा कर्करोग बहुतेक वेळा गरात नव्हे, सालीकडच्या भागात सुरू होतो. सौम्य वाढीचं रूपांतर पुढे कर्करोगात होत नाही. मात्र दोन्ही एकाच माणसाला, एकाच वेळी असू शकतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गर का वाढतो? पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन हे ग्रंथीत गेल्यावर एका विकराच्या मदतीनं डीएचटी नावाच्या अधिक जोरकस रूपात बदलतं आणि ते पेशींना वाढायला लावतं. हा विकर किती महत्त्वाचा आहे, ते कळलं एका अनपेक्षित जागी. कॅरिबियन समुद्रातल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशात सालिनास नावाचं गाव आहे. तिथल्या काही कुटुंबांत जन्मतःच हा विकर कमी असलेली मुलं होती. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा अभ्यास करून १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. ही मुलं मोठी झाली तरी त्यांच्या प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहत. तोच विकर औषधानं रोखला तर? या विचारातून फिनास्टराइड ही गोळी आली. अमेरिकेत तिला १९९२ मध्ये मान्यता मिळाली.

पन्नाशीतल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या ग्रंथीत सूक्ष्मदर्शकाखाली ही वाढ दिसते आणि ऐंशीनंतर दहातल्या आठांपेक्षा जास्त जणांच्या. म्हणजे केस पिकण्यासारखीच ही वयाची खूण आहे. त्रास मात्र सगळ्यांना होत नाही.

२. सोनोग्राफीतले ग्रॅम आणि खरा त्रास

रिपोर्टमध्ये '५२ ग्रॅम' वाचून घाबरणारे पुष्कळ असतात. पण ग्रॅम आणि त्रास यांचं गणित जुळत नाही. ९० ग्रॅमची ग्रंथी बाहेरच्या बाजूनं पसरली असेल, तर माणूस निवांत झोपतो. ३० ग्रॅमच्या ग्रंथीचा मधला भाग मूत्राशयाच्या तोंडात बुचासारखा घुसला असेल, तर धारच बंद होते. म्हणून डॉक्टर आधी सात प्रश्न विचारतात. प्रत्येकाला ० ते ५ गुण. लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही का? दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? धार तुटत तुटत येते का? आली की दम धरवत नाही का? धार बारीक झाली आहे का? सुरू व्हायला जोर लावावा लागतो का? आणि रात्री किती वेळा उठता?

समजा, एका गृहस्थांचे गुण असे आले: २, ३, ३, १, ४, २ आणि रात्री तीनदा उठतात म्हणून ३. बेरीज १८. सातपर्यंत सौम्य त्रास, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. हे गृहस्थ मध्यम गटात बसले. याला जोडून आणखी एक प्रश्न असतो आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा: उरलेलं आयुष्य असंच काढायचं झालं तर तुम्हाला कसं वाटेल? १८ गुण असूनही "काही बिघडत नाही" म्हणणारे असतात. त्यांच्यावर कुठलंच यंत्र चालवायची गरज नसते.

मग धारेचा वेग मोजतात. एका यंत्रात लघवी करायची, यंत्र आलेख काढतं. सेकंदाला १५ मिलिलिटरपेक्षा जास्त वेग असला तर बहुधा ठीक, १० च्या खाली असला तर अडथळ्याची शंका. निदान १५० मिलिलिटर लघवी झाली नसेल तर हा आकडा धरूच नये. रांगेत घाईनं, लाजत लाजत दिलेली चाचणी फसवी असते. त्यानंतर सोनोग्राफीनं मूत्राशयात किती लघवी उरली ते बघतात.

एक तपासणी मात्र फुकट आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. घरचं मापाचं भांडं घेऊन दोन-तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजायची आणि वेळेसकट वहीत लिहायची. समजा, २४ तासांत एकूण १८०० मिलिलिटर झाली आणि त्यातली ८०० झोपेच्या वेळेत. म्हणजे ४४ टक्के. उतारवयात हे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलं, तर मूत्रपिंडंच रात्री जास्त लघवी बनवत आहेत असं समजतात. पायांवरची सूज, अशक्त हृदय, मधुमेह, घोरण्याचा आजार, रात्री उशिराचा चहा, अशी कितीतरी कारणं त्यामागे असतात. या माणसाच्या प्रोस्टेटवर जगातलं सर्वांत आधुनिक यंत्र लावलं तरी तो रात्री चारदा उठणारच.

३. गोळ्या कुठवर पुरतात

ताम्सुलोसिनसारख्या गोळ्या ग्रंथीतले आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेले स्नायू सैल करतात. काही दिवसांतच फरक जाणवतो. ग्रंथीचा आकार मात्र तसाच राहतो. उठताना चक्कर येणं आणि वीर्य कमी येणं किंवा उलटं मूत्राशयात जाणं हे त्यांचे दुष्परिणाम. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ही गोळी घेत असल्याचं नेत्रतज्ज्ञांना सांगायलाच हवं, कारण तिच्यामुळे ऑपरेशनच्या वेळी डोळ्याच्या बाहुलीभोवतीचा पडदा ढिला पडून त्रास देतो.

फिनास्टराइड आणि ड्युटास्टराइड ग्रंथी आक्रसवतात, पण सहा महिने तरी धीर धरावा लागतो. ज्यावरून प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका घेतात तो रक्तातला पीएसए हा आकडा त्या सुमारे निम्म्यावर आणतात. म्हणून या गोळ्या चालू असताना पीएसए ३ आला, तर तो ६ धरायचा. हे माहीत नसल्यामुळे निर्धास्त राहिलेले रुग्ण असतात.

बऱ्याच जणांचं आयुष्य गोळ्यांवर छान जातं. प्रश्न उरतो तो गोळ्या पुरत नसलेल्यांचा, सोसत नसलेल्यांचा आणि आयुष्यभर गोळी नको असलेल्यांचा.

४. जुनं आणि भक्कम

या आजारावरच्या शस्त्रक्रियेचा एक धागा भारतातून गेला आहे. पीटर फ्रेयर हे आयरिश सर्जन इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये होते आणि इथे मूत्राशयातले खडे काढण्यात त्यांचा हात बसला होता. निवृत्त होऊन ते लंडनला गेले आणि १९०० मध्ये तिथल्या सेंट पीटर्स हॉस्पिटलमध्ये ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशयातून बोटानं गर सोलून काढायची शस्त्रक्रिया त्यांनी सुरू केली. न्यूयॉर्कच्या युजीन फुलर यांनी तशीच पद्धत आधी वापरली होती, त्यावरून वादही झाला. पण नाव झालं फ्रेयर यांचं.

पोट न उघडता आत शिरायची सोय १९२६ मध्ये मॅक्सिमिलियन स्टर्न यांच्या उपकरणानं झाली आणि पुढच्या काही वर्षांत जोसेफ मॅकार्थी यांनी ते सुधारलं. मूत्रमार्गातून दुर्बीण घालायची आणि विजेच्या तारेच्या कडीनं गराचे बारीक काप काढत वाट मोकळी करायची. हेच ते टीयूआरपी, लोकांच्या भाषेत 'दुर्बिणीचं ऑपरेशन'. आजही प्रत्येक नव्या उपायाची तुलना याच्याशीच करतात. गुणांची बेरीज साधारण १५ नं उतरते आणि धारेचा वेग सेकंदाला दहाएक मिलिलिटरनं वाढतो. पुन्हा ऑपरेशन लागण्याचं प्रमाण दर वर्षी शंभरात एक-दोन एवढं.

बदल्यात हे काय मागतं? कमरेतून भूल, दोन-तीन दिवस रुग्णालय, काही दिवस कॅथेटर, थोडाफार रक्तस्राव. आणि जे विचारायला लोक संकोचतात ते: सुमारे दोन तृतीयांश पुरुषांचं वीर्य त्यानंतर बाहेर न येता उलट दिशेनं मूत्राशयात जातं. अपाय काही नाही, पुढच्या लघवीबरोबर ते निघून जातं. लिंगाच्या ताठरतेवर सहसा परिणाम होत नाही. पण ऑपरेशनआधी हे स्पष्ट सांगितलं गेलं नसेल, तर माणूस मनातून हादरतो.

लेझरची मोठी सुधारणा आली न्यूझीलंडमधल्या टाउरंगा शहरातून. १९९० च्या दशकात पीटर गिलिंग आणि मार्क फ्रॉन्डॉर्फर यांनी होल्मियम लेझरनं सगळा गर सालीपासून सोलून मूत्राशयात ढकलायचा, तिथे त्याचा भुगा करायचा आणि तो ओढून घ्यायचा, अशी पद्धत बसवली. तिचं नाव होलेप. फ्रेयर यांचं बोट जे काम करत होतं तेच इथे लेझर करतं, पण पोट न उघडता. ग्रंथी दीडशे ग्रॅमची असली तरी चालते, रक्त कमी जातं, पुन्हा वाढ होण्याची वेळ क्वचितच येते. शिकायला मात्र अवघड. पहिली काही डझन ऑपरेशनं होईपर्यंत सर्जनचा हात बसत नाही. वीर्य उलटं जाण्याचं प्रमाण टीयूआरपीपेक्षा कमी नाहीच.

५. आधी फसलेले, आणि खोट्या उपचारानं बरे झालेले

नव्या उपायांकडे वळण्याआधी जुन्या 'नव्या' उपायांची आठवण ठेवलेली बरी. १९८० च्या दशकात फुगा फुगवून वाट रुंद करायची टूम निघाली. वाट थोड्याच काळात पुन्हा अरुंद व्हायची. १९९० च्या दशकात मायक्रोवेव्हनं आणि रेडिओलहरींच्या सुयांनी ग्रंथी तापवायची यंत्रं आली. तीही सुटसुटीत, भूल न लागणारी, त्याच दिवशी घरी पाठवणारी. पुढे बऱ्याच रुग्णांना पुन्हा ऑपरेशन लागलं आणि यंत्रं बाजूला पडली. सुयांची पद्धत आता अमेरिकन युरॉलॉजी संघटनेच्या शिफारशींतून बाहेर गेली आहे.

ही यंत्रं त्या वेळी इतकी गुणकारी का वाटली? याचं उत्तर नव्या उपायांच्या चाचण्यांनीच दिलं. पुढे ज्यांचं वर्णन येईल त्या टाक्यांच्या उपायाच्या चाचणीत २०६ पुरुष होते. त्यातल्या एक तृतीयांश लोकांवर खोटा उपचार केला गेला: पडद्याआड नुसती दुर्बीण घातली, यंत्राचे आवाज काढले, टाका घातलाच नाही. तीन महिन्यांनी खऱ्या गटाची बेरीज ११ गुणांनी उतरली. खोट्या गटाची? जवळपास सहानं! काहीच न करता निम्मं श्रेय खिशात. वाफेच्या उपायाच्या चाचणीतही तसंच झालं. खऱ्या गटात ११, खोट्या गटात चारच्या वर.

या माणसांना भास झाला असं म्हणणं बरोबर नाही. त्रास मुळात कमी-जास्त होत राहतो, माणूस तो शिगेला पोचला की डॉक्टरांकडे जातो आणि काही उपचार झाला या समाधानानंही घाई थोडी शमते. पण यातून वाचकानं एक शहाणपण घ्यावं. "शेजारच्या काकांना तीन महिन्यांत गुण आला" हा पुरावा पुरेसा धरू नये. पाच वर्षांनी किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं, हे विचारावं.

६. टाके आणि वाफ

पहिला उपाय यूरोलिफ्ट. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, त्याला २०१३ मध्ये मान्यता दिली. इथे गर ना कापत, ना जाळत; दोन्ही बाजूंचा गर सालीकडे ओढून बांधून ठेवतात. दुर्बिणीतून एक सुई गरातून सालीपार जाते. तिथे एक चिमुकला धातूचा अडसर अडकतो, नळीच्या बाजूला दुसरा, आणि मध्ये ताणलेला धागा. असे सहसा चार ते सहा टाके. वाट लगेच उघडते.

एवढ्याशा ओढीनं काय होतं, असं वाटेल. पण नळीतल्या प्रवाहाचा एक नियम आहे: त्रिज्येच्या चौथ्या घातावर प्रवाह ठरतो. त्रिज्या १९ टक्के वाढवा. १.१९ ला चार वेळा गुणलं की उत्तर येतं दोन. म्हणजे प्रवाह दुप्पट. मूत्रमार्ग हा काही ताठ लोखंडी पाइप नाही, म्हणून हे गणित त्याला तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा हीच.

यूरोलिफ्टची खरी कमाई म्हणजे वीर्यपतन जसंच्या तसं राहतं. बदल्यात तो काय मागतो? धारेचा वेग सेकंदाला चारएक मिलिलिटरच वाढतो, टीयूआरपीच्या निम्म्याहून कमी. त्याच चाचणीत पाच वर्षांनी लक्षणांतली सुधारणा ३६ टक्क्यांवर आली होती आणि सुमारे १४ टक्के लोकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली होती. धातू आत राहतो, म्हणून पुढे कधी प्रोस्टेटचा एमआरआय करायची वेळ आली तर आधी सांगावं. त्या जागी चित्र थोडं बिघडतं.

दुसरा उपाय वाफेचा, नाव रेझूम, मान्यता २०१५. त्यामागचं विज्ञान स्वयंपाकघरात आपण सगळे भोगतो. उकळतं पाणी हातावर पडलं तर भाजतं, पण कुकरच्या शिट्टीची वाफ लागली तर त्याहून वाईट भाजतं. १०० अंशाचं एक ग्रॅम पाणी शरीराच्या तापमानाला येताना ६३ कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ आधी पाणी होताना ५४० देते आणि मग वर ६३. साडेनऊपट! (या कॅलरी पदार्थविज्ञानातल्या; आहारातली एक कॅलरी म्हणजे अशा हजार.) रेझूममध्ये सुईतून नऊ सेकंद वाफ सोडतात. पाणी लागतं जेमतेम अर्धा मिलिलिटर, उष्णता मिळते सुमारे २०० कॅलरी. वाफ पेशींच्या मधल्या फटींतून पसरते, पाणी होते आणि तिथल्या पेशी मरतात. मायक्रोवेव्हची उष्णता वाटेत विरत असे. वाफ आपली उष्णता नेमकी पोचल्या जागी टाकते.

मेलेल्या पेशी शरीर सावकाश शोषून घेतं. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे त्रास उलट वाढतो: जळजळ, घाई, थोडं रक्त, आणि काही दिवस कॅथेटर. पूर्ण गुण यायला तीन महिने लागतात. हे आधी न सांगितल्यामुळे "पैसे वाया गेले" असं दहाव्या दिवशी म्हणणारे रुग्ण असतात. पाच वर्षांत पुन्हा शस्त्रक्रिया लागलेले चार-पाच टक्के, पुन्हा गोळ्या सुरू कराव्या लागलेले आणखी ११ टक्के. वीर्यपतन बहुतेकांचं टिकतं. मधला भाग आत घुसलेला असेल तरी वाफ चालते. मुख्य चाचणी ३० ते ८० ग्रॅमच्या ग्रंथींवर झाली आहे. त्याहून मोठ्या ग्रंथीसाठी हाच आकडा कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर जरा थांबावं.

नायटिनॉल धातूची तात्पुरती कमान पाचसात दिवस आत ठेवून काढून घ्यायची, असाही एक उपाय २०२० पासून मान्य आहे. त्याचा पल्ला आणखी लहान.

७. मनगटातून ग्रंथीपर्यंत

प्रोस्टेटच्या धमन्या बंद करण्याचा उपाय युरॉलॉजिस्ट करत नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात. त्यामुळे सल्लामसलतीत तो बऱ्याचदा निसटतो. २००० मध्ये जॉन डेमेरिट आणि सहकाऱ्यांनी एका रुग्णाचा न थांबणारा रक्तस्राव रोखायला प्रोस्टेटची धमनी बंद केली. रक्त थांबलंच, पण ग्रंथीही आक्रसली. ब्राझीलच्या साओ पावलो शहरात फ्रान्सिस्को कार्नेव्हाले यांनी २००८ पासून हा मुद्दाम करायचा उपचार म्हणून उभा केला. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून एक बारीक नळी धमन्यांमधून प्रोस्टेटपर्यंत नेतात आणि मिलिमीटरच्या निम्म्याहून लहान मणी सोडून तिचा रक्तपुरवठा तोडतात. जागेवरची भूल पुरते. लघवीच्या वाटेनं काहीच आत जात नाही.

ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत वर्षभरानं या उपायानं बेरीज १० नं उतरली आणि टीयूआरपीनं १५ नं. पुन्हा शस्त्रक्रियेची गरजही यात जास्त पडली. तरीही २०१८ मध्ये उपचारांची शिफारस करणाऱ्या तिथल्या नाइस या संस्थेनं त्याला हिरवा कंदील दाखवला, कारण सगळ्यांना १५ ची गरज नसते. ८२ वर्षांचे आजोबा, हृदयात स्टेंट, रक्त पातळ करायची औषधं थांबवता येत नाहीत, कॅथेटर निघत नाही आणि ग्रंथी ११० ग्रॅम: अशा माणसाला हा उपाय मोलाचा ठरतो. अडचण एकच, उतारवयात याच धमन्या वेड्यावाकड्या आणि चुन्यानं कडक झालेल्या असतात. कधी कधी नळी तिथवर पोचतच नाही.

पाण्याच्या वेगवान झोतानं गर कोरणारं अ‍ॅक्वाब्लेशन यंत्र (मान्यता २०१७) 'रोबोट' म्हणून गाजतं. सोनोग्राफीच्या चित्रावर सर्जन सीमा आखतो आणि झोत चार-पाच मिनिटांत काम उरकतो. टीयूआरपीशी थेट तुलना केलेल्या चाचणीत वीर्यपतन गमावणारे १० टक्के होते आणि टीयूआरपीच्या गटात ३६. पण भूल लागते, रात्रभर राहावं लागतं आणि रक्तस्रावावर लक्ष ठेवावं लागतं. याला 'ऑपरेशनशिवाय' म्हणणं ही जाहिरातीची भाषा झाली.

८. मग कुणी काय निवडावं?

काही जणांनी छोट्या उपायांच्या वाटेला जाऊच नये. ज्यांची लघवी वारंवार पूर्ण अडकते, मूत्रपिंडांवर सूज आली आहे, मूत्राशयात खडे झाले आहेत, जंतुसंसर्ग परत परत होतो किंवा रक्त जाणं थांबत नाही, त्यांना वाट नीट मोकळी करणारं टीयूआरपी किंवा लेझरच हवं. भूल अजिबात सोसणार नसेल तेवढाच अपवाद. अर्धवट मोकळी वाट त्यांना महागात पडते. मूत्राशयाचा स्नायू वर्षानुवर्षं अडथळ्याशी झुंजून आधी जाड होतो आणि शेवटी थकून ढिला पडतो. एकदा तो ढिला पडला की नळी कितीही रुंद करा, ढकलणारा कुणी उरत नाही. 'सोपा उपाय येईल तोपर्यंत थांबू' म्हणून लघवी अडकायची वाट पाहणाऱ्यांचं नुकसान इथे होतं.

पंचावन्नचा माणूस, ग्रंथी ४० ग्रॅमची, गुण १८, वीर्यपतन टिकवायचं आहे, आणि सात-आठ वर्षांनी पुन्हा काही करावं लागलं तरी चालेल: त्याच्यासाठी टाके किंवा वाफ उत्तम. दोन्हींत मी वाफेकडे झुकेन, कारण ती जास्त टिकते आणि आत धातू राहत नाही. एकच उपचार हवा आणि नंतर मागे वळून बघायचं नाही, असं म्हणणाऱ्यानं होलेप करणारा अनुभवी सर्जन शोधावा. मोठ्या शहरांतल्या जाहिराती यंत्राचं नाव सांगतात, त्या हातानं किती वेळा ते चालवलं हे सांगत नाहीत. ते तुम्ही विचारा. ज्या दवाखान्यात एकच यंत्र आहे तिथे प्रत्येक रुग्णाला तेच योग्य ठरण्याची शक्यता जरा जास्त असते, हेही ध्यानात असू द्या.

खर्चाचं आधी पाहून घ्या. विमा नियामकानं २०१९ मध्ये दिलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत प्रोस्टेटचं ग्रीन आणि होल्मियम लेझर आहे. टाके आणि वाफ यांचं नाव नाही. यादीतल्या उपचारांवरही कंपनी कमाल रकमेची मर्यादा घालू शकते. आरोग्य संजीवनीसारख्या पॉलिसीत या आजारासाठी पहिले २४ महिने दावा करता येत नाही. म्हणून उपचाराचं नेमकं नाव लिहून कंपनीकडून लेखी उत्तर आणा, तोंडी होकारावर विसंबू नका.

उपचाराची तारीख दूर असेल तर तोवर सर्दीच्या गोळ्या मनानं घेऊ नका. त्यांतली नाक मोकळं करणारी आणि झोप आणणारी औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. हिवाळ्यात लघवी अडकून इमर्जन्सीत येणाऱ्यांपैकी काहींचं कारण तेच असतं. आणि उपचार कुठलाही झाला, अगदी सगळा गर सोलून काढला, तरी साल आत राहते. कर्करोग बहुतेक वेळा तिच्यातच सुरू होतो. तेव्हा "प्रोस्टेट काढलंय" म्हणून पीएसएची तपासणी बंद करू नका. ती किती अंतरानं करायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.